त्यातल्या चालतात किती?

मिस्त्रींना ‘अध्यक्ष’ म्हणून पहिली हाक मारली ती पोस्टमनने. मिस्त्री तेव्हा दुकानासमोर उकिडवे बसून एका सायकलचं मागचं चाक फिरवत होते आणि आऱ्यांवर नख मारत कुठला सैल झालाय ते आवाजावरून ओळखत होते. पोस्टमनने पाकीट पुढे केलं. “अध्यक्षसाहेब, सही.”

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

पाकिटावर लिहिलं होतं, ‘माननीय अध्यक्ष, खुर्ची दुरुस्ती केंद्र’, आणि खाली पत्ता त्यांच्याच दुकानाचा. केंद्र म्हणजे तीनमजली इमारतीच्या जिन्याखालची नऊ बाय सात फुटांची खोली. खुंट्यांवर ट्यूबा, कोपऱ्यात पाने आणि पकडी, दाराशी रॉकेलच्या थाळीत भिजत पडलेल्या बेअरिंगच्या गोळ्या. कमिटी वगैरे काही नाही. मिस्त्री सायकली दुरुस्त करायचे, आणि कोणी चाकाची खुर्ची ढकलत आणली तर तीही करून द्यायचे. खुर्चीचे पैसे घ्यायचे नाहीत, का ते कोणी विचारलं तर सांगायचेही नाहीत.

हा अध्यक्षपणा कुठून आला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्याच्या टोकाला इस्पितळ होतं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आपले पेशंट मिस्त्रींकडे पाठवत. “शहरातल्या सगळ्या संस्थांची यादी करत होते हो,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तुमचं नाव हवंच होतं. पण फॉर्ममध्ये संस्थेचं नाव आणि अध्यक्ष लिहिल्याशिवाय तो पुढेच सरकेना. मग लिहून टाकलं.”

पाकिटात निमंत्रण होतं. दोन दिवसांचा मेळावा. एकेचाळीस सेवाभावी संस्था एकत्र बसून आपली समान कामं कोणती, त्यातलं आधी काय करायचं आणि ते मिळून कसं करायचं, हे ठरवणार होत्या.

“मी काय तिथे जाऊन दिवे लावणार?” मिस्त्री म्हणाले.

“जायचं,” ताई म्हणाली. “आयुष्यात तुला कोणी माननीय म्हटलंय का याआधी?”

ताई मिस्त्रींपेक्षा सहा वर्षांनी मोठी. मिस्त्रींनी अठ्ठावन्न पार केली होती, तरी ती त्यांना ‘धाकट्या’ म्हणायची. एका मोठ्या कचेरीत ती चौदा वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होती. पंचेचाळीसाव्या वर्षी ओल्या जिन्यावरून पाय घसरला, पाठीचा मणका दुखावला आणि कमरेखालची ताकद गेली ती गेलीच. मिस्त्रींचं लग्न जमता जमता राहिलं होतं. तेव्हा दुकानामागच्या दोन खोल्यांत बहीण-भाऊ दोघंच राहत, भांडत आणि एकमेकांचं ऐकत.

ताईला पहिली खुर्ची मिळाली ती एका संस्थेकडून, समारंभात. स्टेज, भाषण, फोटो, सगळं झालं. खुर्चीच्या पाठीला संस्थेचं चिन्ह होतं, दोन हात आणि मध्ये सूर्य. मिस्त्रींनी एका कागदावर सही केली होती. त्यात लिहिलं होतं, ही खुर्ची संस्थेची मालमत्ता आहे, तिचे भाग काढू नयेत, बदलू नयेत, तसं आढळल्यास खुर्ची परत घेतली जाईल. पाच महिन्यांत पुढचं छोटं चाक मोडलं. मिस्त्री खुर्ची खांद्यावर घेऊन संस्थेत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, “आम्ही वाटप करतो. दुरुस्ती आमच्याकडे बसत नाही.” दुसऱ्या संस्थेत गेले, तर तिथे यादी काढून म्हणाले, “तुमच्या बहिणीला मिळालेली आहे की! दोनदा देता येत नाही.” तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, पुढच्या वर्षी अर्ज करा.

सात महिने ताई खिडकीशी बसून होती. आणि ज्याचा सगळा दिवस चाकं जोडण्यात जायचा तो तिचा भाऊ भिंतीपलीकडे दुसऱ्यांच्या सायकली नीट करत होता. त्याने सही केली होती. कागदाला तो घाबरत होता. आठव्या महिन्यात एका सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. बाजारातली सामानाची मोडकी ढकलगाडी आणली, तिचं चाक काढलं, कानशीने भोक मोठं केलं आणि खुर्चीला बसवलं. खुर्ची चालली. जप्त करायला कोणी आलं नाही. विचारायलाही कोणी आलं नाही.

तेव्हापासून मिस्त्री कोणाचीही खुर्ची परत पाठवत नसत.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. दारावर एका मुलीने मिस्त्रींच्या छातीला ‘अध्यक्ष’ लिहिलेली पट्टी लावली. आत गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलाशी सहा खुर्च्या. मिस्त्रींनी बसण्याआधी सवयीने खुर्ची हलवून पाहिली. त्यांच्या टेबलाशी आणखी तिघं होते. पहिल्या, वृद्धाश्रम चालवणाऱ्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मोकळ्या. दुसऱ्या, विशेष मुलांच्या शाळेच्या मॅडम, मोबाईल सारखा उलटा ठेवणाऱ्या आणि सारखा सुलटा करून बघणाऱ्या. तिसरे एक जाडजूड गृहस्थ. त्यांच्या कोटावर पितळी चिन्ह होतं, दोन हात आणि मध्ये सूर्य. मिस्त्रींनी मनातल्या मनात त्यांना ‘वाटपसाहेब’ असं नाव दिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दिवसभर बोलणं चाललं. जो तो आपलं घोडं पुढे दामटत होता. कोणी सांगे आमची अठरा केंद्रं, कोणी सांगे आमचे नऊ हजार लाभार्थी. शब्द तर असे जड, की मिस्त्रींना वाटलं, यांना उचलायलाच दोन माणसं लागतील. भिंतीवर अकरा मोठे कागद चिकटवले होते आणि प्रत्येकावर एकेक प्राधान्य. ‘सक्षमीकरण’, ‘जनजागृती’, ‘ज्येष्ठांची सोबत’, ‘स्वच्छ पाणी’. मेळावा चालवणाऱ्या संयोजिकेने प्रत्येक संस्थेला तीन रंगीत टिकल्या दिल्या. जे काम आधी व्हावंसं वाटतं त्या कागदावर टिकली लावायची.

मोडलेल्या वस्तूंचा कागद त्या अकरांत नव्हता. मिस्त्रींनी एक टिकली ज्येष्ठांच्या कागदावर लावली, कारण वृद्धाश्रमाच्या बाईंनी त्यांना आपल्यातलं बिस्किट दिलं होतं. एक पाण्याला लावली, कारण पाण्याला नको कोण म्हणणार? तिसरीचं काय करावं ते सुचेना. ती त्यांनी आपल्याच बाहीला लावून ठेवली.

संध्याकाळी ताईने ती त्यांच्या बाहीवरून काढली. “काय बोललास?”

“काही नाही.”

“दोन वेळा चहा?”

“तीन वेळा.”

ताईने टिकली खुर्चीच्या हाताला चिकटवली. मग आवाज न चढवता म्हणाली, “तू घरात वटवट करतोस आणि चारचौघांत मूग गिळून बसतोस. इतकी माणसं एका छपराखाली पुन्हा कधी बसणार आहेत, धाकट्या? ज्यांच्याकडे तू तेव्हा एकेक करून खेटे घातलेस, ती सगळी तिथे होती ना?”

“होती. सूर्यवालेसुद्धा.”

“मग?”

मिस्त्रींनी छातीवरची ‘अध्यक्ष’ची पट्टी काढली आणि खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोजिकेने जाहीर केलं की टिकल्या मोजून झाल्या आहेत, पाच कामं वर आली आहेत, आणि आता प्रत्येक टेबलाने त्यातलं एक काम घ्यायचं. मिस्त्रींच्या टेबलाला ‘सक्षमीकरण’ आलं. कोण काय देऊ शकतं, हे आधी सांगायचं होतं. वाटपसाहेबांनी फाइल उघडली. “आमच्या संस्थेने गेल्या सहा वर्षांत अकराशे चाळीस चाकाच्या खुर्च्या वाटल्या.”

“त्यातल्या चालतात किती?”

प्रश्न आपल्याच तोंडून बाहेर पडला, हे मिस्त्रींना सगळे आपल्याकडे बघायला लागल्यावर कळलं.

“म्हणजे?”

“म्हणजे आज. या घडीला. त्या अकराशे चाळिसांतल्या किती फिरताहेत?”

वाटपसाहेबांना राग येईल असं मिस्त्रींना वाटलं होतं. पण त्यांनी खरोखरच फाइलची पानं उलटायला घेतली. चार पानं पुढे, दोन मागे. मग फाइल मिटली. “तो रकानाच नाही आमच्याकडे,” ते म्हणाले. “आजवर कोणी विचारलं नाही.”

आता तोंड उघडलंच होतं. मिस्त्रींनी सांगून टाकलं. ताईचं नाव घेतलं नाही, ‘माझी बहीण’ एवढंच म्हणाले. मोडलेलं चाक, तीन संस्थांचे उंबरठे, तो सहीचा कागद, ते सात महिने. “मला जोडता येत होतं, साहेब. हेच तर काम माझं. पण कागदावर लिहिलेलं होतं, हात लावू नका. मी नाही लावला.” ते थांबले. पाणी प्यायले.

वाटपसाहेब आपल्या कोटावरच्या चिन्हाकडे बघत होते. “ती अट मी घातली होती,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षी लोकांनी चाकं काढून हातगाड्यांना लावली होती. वीस-पंचवीस जणांनी. मग अट घातली.”

मिस्त्रींनी विचार केला. “लावणारच,” ते म्हणाले. “हातगाडीला ती चाकं छान बसतात.”

वृद्धाश्रमाच्या बाई खो खो हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, “आमच्याकडे नऊ मोडक्या पडल्यात. एकीवर मी कुंड्या ठेवल्यात, आता काय लपवायचं!”

“चौदा,” शाळेच्या मॅडम म्हणाल्या. “जिन्याखाली. टाकून द्यायच्या तर यादीतून कमी कराव्या लागतात, म्हणून टाकतही नाही.”

“मग एकीचं चाक दुसरीला का नाही लावत?” वाटपसाहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी ‘सक्षमीकरणा’चा कोरा कागद ओढला आणि उलटा करून त्यावर चित्र काढलं. “ही तुमची खुर्ची. हिचा दांडा जाड. ही यांची, हिचा बारीक. शाळेत दोन वेगळ्याच कंपन्यांच्या. माझ्याकडे आजवर सात जाती आल्यात. एकीचं दुसरीला बसत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. तुम्ही सगळ्यांनी ठरवून एकाच जातीच्या घेतल्यात, तर दहा मोडक्यांतून सात चालत्या करून देतो. लिहून घ्या.”

संयोजिका फिरत फिरत टेबलाशी आली, कागद पाहिला आणि चेहरा पाडून म्हणाली, “हे छानच आहे हो, पण हा विषय पाचांत नाही. अकरांतही नाही. मतदान झालंय, आता वाढवता येणार नाही मला.”

“नका वाढवू,” वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या. “आम्ही जेवणाच्या सुट्टीत करतो.”

आणि खरंच, जेवणाची ताटं बाजूला सारून त्या चौघांनी तीन गोष्टी लिहिल्या. यापुढे खुर्च्या घ्यायच्या त्या एकाच जातीच्या. मोडक्या सगळ्या एका जागी आणायच्या, मॅडमच्या शाळेच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये. आणि खुर्ची कोणीही दिलेली असो, मोडली की फोन एकाच नंबरवर करायचा. संध्याकाळी समारोपात त्याचा उल्लेख झाला नाही. पण जाताना संयोजिकेने मिस्त्रींना गाठून हळूच सांगितलं, “दर महिन्याला बसायला खोली हवी असेल तर आमच्या ऑफिसात या. चहा माझ्याकडे.”

घरी आल्यावर मिस्त्रींनी ताईला सगळं सांगितलं. ते सात महिने सांगितल्याचंही. मग कित्येक वर्षं घशाशी अडकलेलं विचारलं, “तेव्हा तू मला का नाही म्हणालीस? उघड ते चाक, काय व्हायचं ते होऊ दे, असं?”

ताईने खुर्ची जरा वळवली. “कागद मीही वाचला होता. मला वाटलं, मोडकी का होईना, आहे ती नेतील. मला वाटायचं, तू धीर करशील. तुला वाटत असेल, मी म्हणेन. दोघंही भित्रट. पुढे बोल, फोन कोण घेणार आहे?”

पण गाडं लगेच सुरू झालं नाही. गाडं अडलं चिन्हावर. दुरुस्त झालेल्या खुर्चीच्या पाठीवर चिन्ह कोणाचं लावायचं? खुर्ची सूर्यवाल्यांची, चाक वृद्धाश्रमाच्या खुर्चीचं, कानशीने जुळवलेलं, शेड शाळेची. पहिली बैठक त्यातच गेली. दुसरीही. वाटपसाहेबांच्या विश्वस्तांनी पत्र धाडलं की आमचं चिन्ह नसेल तर आमची खुर्ची शेडमध्ये येणार नाही. शाळेच्या विश्वस्तांनी तसंच उलट पत्र धाडलं. चौथ्या महिन्यात मिस्त्री हात झटकून म्हणाले, “मी आपला जिन्याखाली बरा होतो. आल्या गेल्या खुर्चीला चाक लावत होतो, चिन्ह कोणी विचारत नव्हतं.”

“पुढच्या बैठकीला मला ने,” ताई म्हणाली.

तिला खोलीत न्यायला दोन पायऱ्या होत्या. वाटपसाहेब आणि मिस्त्री दोघांनी खुर्ची उचलली. ताईने अर्धा तास सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे चिन्ह लावणार कुठे?”

“पाठीमागे. नेहमीच्या जागी.”

“अठरा वर्षं बसत्येय मी खुर्चीत. माझ्या पाठीमागे काय चितारलंय ते मला कधी दिसलेलं नाही. दिसतं ते ढकलणाऱ्याला. आणि खुर्ची मोडली की पळापळ करायची असते ती त्यालाच. त्या जागी फोनचा नंबर लिहा. मोठ्या अक्षरात.”

वाटपसाहेब म्हणाले, “विश्वस्तांना पटणार नाही.” आणि नाहीच पटलं. शाळेच्या विश्वस्तांनी मान्य केलं, सूर्यवाले मात्र पूर्ण वर्षभर बाहेर राहिले. पण वाटपसाहेब दर शनिवारी आपले आपण शेडवर येऊ लागले, चिन्ह न लावता, घरचा जुना शर्ट घालून. नट कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला महिना लागला. मिस्त्री म्हणायचे, “साहेब, उलटा. आणखी उलटा.” ते मात्र न चिडता फिरवत राहायचे. वर्ष संपताना विश्वस्तांनी परवानगी दिली. नंबरच्या खाली, लहान अक्षरात, सगळ्याच संस्थांची नावं.

फोन ताईकडे आला. सकाळी दहा ते एक. पहिल्या दिवशी तिने रिसीव्हर उचलला आणि म्हणाली, “नमस्कार, खुर्ची दुरुस्ती. बोला.” पलीकडच्या खोलीत मिस्त्रींचा हात थांबला. हा आवाज त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, कचेरीतला, स्वच्छ, घाई नसलेला. काय बिघडलंय ते लोकांना सांगता यायचं नाही. मग ताई म्हणायची, “खुर्ची फोनजवळ आणा. आता पुढेमागे करा. हं. डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. आज काही जोर लावू नका, उद्या माणूस येईल.” दहापैकी आठ वेळा तिचं बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा ती म्हणायची की खुर्ची खोटं बोलली.

शाळेतल्या मुलांच्या दोन आया शेडवर शिकायला आल्या आणि सहा महिन्यांत आरे बसवायला लागल्या. पहिल्या वर्षी तीनशे बारा खुर्च्या चालत्या झाल्या. एकसष्ट काही केल्या झाल्या नाहीत. वाटपसाहेबांनी आपल्या फाइलमध्ये नवा रकाना आखला आणि अकराशे चाळीस घरांना फोन करायला घेतले. निम्म्यांचे नंबर बदललेले होते.

पुढच्या मेळाव्यात भिंतीवर बारावा कागद लागला, ‘दुरुस्ती’चा. मिस्त्रींना वाटलं होतं, त्याने छाती फुगेल. पण तिथे बसल्यावर त्यांना पुन्हा कंटाळाच आला, आणि त्या कंटाळ्यातच त्यांच्या लक्षात आलं की इथल्या बहुतेकांना आपापलं काम नीट येतं. फक्त आपलं काम जिथे संपतं तिथून पुढे काय होतं, ते बघायला कोणाला सवड नसते. त्यांनाही नव्हतीच. एकदा हातातून गेलेली सायकल कुठे फिरते, हे त्यांनी तरी कधी पाहिलं होतं?

त्यानंतर थोड्या दिवसांची गोष्ट. एक खुर्ची पोचवायला ते शेडच्या टेम्पोतून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. एका निवृत्त छापखानेवाल्याची खुर्ची, मागचं चाक वाकलेलं. ते सरळ करायला मिस्त्रींना नेहमीपेक्षा चार दिवस जास्त लागले होते. टेम्पोला पुढे जायचं होतं, तो खुर्ची उतरवून गेला. दार छापखानेवाल्याच्या मुलीने उघडलं. तिने खुर्चीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे.

“बाबा मंगळवारी गेले.”

त्या दिवशी शुक्रवार होता. मिस्त्रींना म्हणायचं होतं की चाक लवकर झालं असतं तर... पण ते वाक्य कुठे जाणार, तेच त्यांना कळेना. ते “माफ करा” एवढंच म्हणाले.

“तुमचं काय चुकलं?” मुलगी म्हणाली. “रोज विचारायचे, फोनवरच्या बाई काय म्हणाल्या म्हणून. तुम्ही ही घेऊन जा. कोणाला तरी द्या.”

मिस्त्री रिकामी खुर्ची ढकलत निघाले. शेड तिथून तासाभराच्या चालीवर होती. दुपार टळली होती. रिकाम्या खुर्चीमागून चालणाऱ्या माणसाला लोक वाट करून देत होते आणि मग वळून बघत होते. चाक सरळ धावत होतं, जराही खेचत नव्हतं. चौकात एक म्हातारी दोन जड पिशव्या खाली ठेवून दम खात उभी होती.

“ही कोणाची रे?” तिने विचारलं.

“आता कोणाची नाही, आजी.”

“मग मी बसू का? त्या पुढच्या पाण्याच्या टाकीपर्यंत?”

मिस्त्रींनी ब्रेक लावला, पायांच्या पट्ट्या खाली केल्या आणि तिला बसवलं. पिशव्या तिने मांडीवर घेतल्या. वाटेत तिने भाज्या किती महागल्या ते सांगितलं, सुनेला चांगलं म्हटलं, जावयाला वाईट म्हटलं. टाकीपाशी उतरून ती म्हणाली, “छान चालते हो,” आणि पिशव्या उचलून गल्लीत वळली.

शेडवर पोचल्यावर मिस्त्रींनी हात धुतले, चाकाचा चिखल फडक्याने पुसला आणि खुर्ची तयार खुर्च्यांच्या रांगेत शेवटी लावली. सोमवारी ती कोणाकडे द्यायची, ते विचारायला त्यांनी ताईला फोन लावला. एक कधीच वाजून गेला होता, तरी फोन व्यस्त होता. ते स्टुलावर बसले आणि पुन्हा लावला.